पिकतं ते ताटातही येऊ द्या

शेलूबाजारच्या चारही बाजूंच्या शिवारात खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा आणि गहू. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत २१ ते २२ ग्रॅम. म्हणजे मंगरुळपीर तालुक्याचा हा पट्टा प्रथिनं पिकवणारा पट्टा आहे. मळणी झाली की हा माल मंगरुळपीर, कारंजा, वाशीमच्या बाजार समित्यांत जातो. परतीच्या पिशवीत रिफाइंड तेल, साखर, चहापत्ती, बिस्किटांचे पुडे आणि लेकरांसाठी चकचकीत पाकिटं येतात. समृद्धी महामार्गाला शेलूबाजारजवळून चढायला वाट झाल्यापासून माल बाहेर जाणंही सोपं झालं आणि पाकिटं आत येणंही.

नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर आपल्या वाशीम जिल्ह्याचं नाव त्यात होतं. आरोग्य आणि पोषण हा त्या यादीतला एक मुख्य निकष. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत येतात. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं ३५ टक्के. यात पोट भरून जेवणारी घरंही आहेत. पोट भरणं आणि शरीर पोसलं जाणं यांत फरक पडतो तो इथे.

या लेखात शेलूबाजारच्या बाजारात मिळणाऱ्या किंवा आपल्या शिवारात उगवणाऱ्या वस्तूंचाच विचार केला आहे. महागडे डबे आणि परदेशी पावडरी यांची बहुतेक घरांना गरज नाही. गरज आहे ती ताटातलं प्रमाण बदलण्याची.

शरीर अन्नाकडून काय मागतं

शरीराच्या मागण्या तीन. काम करायला ऊर्जा, झीज भरायला आणि वाढायला बांधणीचा माल, आणि हे सगळं सुरळीत चालावं म्हणून अगदी थोड्या मात्रेत लागणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं. ऊर्जा पिठूळ पदार्थांतून आणि स्निग्धांतून मिळते. बांधणी प्रथिनांतून होते. तिसऱ्या मागणीचं वजन ग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, त्यामुळे ती पुरी झाली नाही तर लगेच कळत नाही. भूक भागलेली असते, पण जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी अंधुक दिसतं, हातपायांना मुंग्या येतात.

ही तिसरी मागणी जगाला उशिरा समजली आणि त्यातला एक धागा मुंबईत सापडला. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र रक्तक्षय होत होता आणि त्याचं कारण कळत नव्हतं. त्यांचा आहार आणि त्यांचं रक्त तपासल्यावर तिला दिसलं की यिस्टपासून केलेला साधा अर्क दिला की या बायकांचं रक्त सुधारतं. तिने हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट, हे पुढे सिद्ध झालं. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लाल गोळी मिळते, तिच्यातलं फॉलिक ॲसिड त्याच शोधाचं फळ आहे. हिरव्या पालेभाज्या, हरभरा, मूग आणि शेंगदाणे यांत फोलेट भरपूर असतं.

भाकर चांगली, पण एकटी नको

ज्वारी हे वऱ्हाडाचं जुनं धान्य. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्या आत आणि लोह एका मिलिग्रॅमच्याही आत. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा जास्त. सोयाबीन आल्यावर ज्वारीचं क्षेत्र आटलं आणि घराघरांत गव्हाची पोळी आणि रेशनचा तांदूळ वाढला. हप्त्यातून चार-पाच दिवस एका वेळेला तरी ज्वारीची भाकर असावी, हा पहिला सल्ला.

पण भाकरीचं कौतुक करताना एक जुना धडा विसरू नये. दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या परिसरात, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा रोग दिसत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि मनाचा गोंधळ ही त्याची लक्षणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा रोग. ज्वारीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे खाणाऱ्यांना तो होत नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, त्यामुळे भाकर आणि शेंगदाण्याची चटणी ही आपल्या आजीची जोडी शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. नुसती भाकर आणि मिरचीचा ठेचा मात्र उतरत नाही. ठेचा तोंडाला चव आणतो, अंगाला लागत नाही. ठेचा हवाच असेल तर त्यात मूठभर शेंगदाणे कुटा आणि वर लिंबू पिळा.

वरण किती घट्ट आहे ते बघा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. हे प्रमाण गाठायला दिवसाला एका माणसामागे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य पुरतं, अर्थात सोबत धान्य आणि दूधही असेल तर. अंडी किंवा मटण-मासे खाणाऱ्यांनी डाळींचा काही भाग त्यांतून भरून काढला तरी चालतो. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं मिळतात.

८५ ग्रॅम म्हणजे सकाळी वाटीभर घट्ट वरण, संध्याकाळी झुणका किंवा पातोडी, आणि न्याहारीला मटकी-मुगाची उसळ किंवा मूठभर फुटाणे. घरोघरी गडबड होते ती वरणात. चार माणसांसाठी मूठभर डाळ घालून पातेलंभर पाणी केलं की त्याला वरण म्हणतात, पण त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा ग्रॅमच डाळ येते. वरण पळीवरून ओघळायला थोडा वेळ लागेल इतकं घट्ट करा.

डाळ आणि धान्य एकाच जेवणात असण्याला कारण आहे. प्रथिनं वेगवेगळ्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. वरण-भाकर, खिचडी, धपाटे या सगळ्यांत ही भरपाई आपोआप होते.

आता सोयाबीन. घरचं आहे म्हणून कच्चं दळून आणू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनेच मोडतात. दाणे निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, उन्हात कडक वाळवा आणि मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळण द्या. एवढ्या मिश्रणाने पोळीतली प्रथिनं सुमारे पाव हिश्शाने वाढतात आणि चवही बिघडत नाही. याहून जास्त घातलं तर पोळीला उग्र वास येतो आणि लेकरं ती बाजूला सारतात. एक इशारा फार महत्त्वाचा आहे. बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं बियाणं पेरणीतून उरलं तरी ते खाण्यात कधीही घेऊ नका. त्यावरचं औषध धुऊन जात नाही.

रक्त वाढवायचं तर चहा बाजूला

रक्तातलं हिमोग्लोबिन लोहापासून बनतं आणि तेच फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं. ते कमी झालं की शेतात निंदण करताना दम लागतो, शाळेत लक्ष लागत नाही, बाळंतपणात धोका वाढतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर, गरोदर बाईचं ११ च्या वर आणि पुरुषाचं १३ च्या वर असावं. मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. पाळीत रक्त जातं म्हणून बाईची गरज मोठी. आपल्या घरात मात्र ताट आधी पुरुषांचं वाढलं जातं आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला खरवड आणि पातळ वरण येतं. हा हिशोब उलटा आहे, तो घरातल्या कर्त्यांनीच सुलटा करायला हवा.

लोह कुठून मिळेल? बाजरी, हरभरा, सोयाबीन, तीळ, कारळं, मुंगण्याचा पाला, माठ, हिवाळ्यातली हरभऱ्याची कोवळी भाजी, आणि खाणाऱ्यांसाठी काळीज आणि मटण. शाकाहारी अन्नातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. शंभरातले जेमतेम पाच-दहा भाग अंगी लागतात. म्हणून किती खाल्लं याच्याइतकंच कशासोबत खाल्लं हेही बघायला हवं.

क जीवनसत्त्व सोबत असेल तर लोहाचं शोषण वाढतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, जेवणात कच्चा कांदा-टोमॅटो ठेवा, नंतर अर्धा पेरू किंवा एखादा आवळा खा. उलट चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकतात. आपल्याकडे भाकर खाऊन लगेच चहा घ्यायची, कित्येकदा चहात पोळी बुडवून न्याहारी उरकायची सवय आहे. जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्या. कडधान्य भिजवून मोड आणले की लोहाला अडवणारी फायटेटं कमी होतात. भाजी लोखंडी कढईत करा आणि शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. रक्त कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता असेलच असं नाही. आपल्या भागात सिकलसेल आजार आहे. तो रक्तातल्या पेशींच्या आकाराचा आनुवंशिक दोष आहे, खाण्यापिण्याने होत नाही आणि जात नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, किंवा घरात कुणाला वारंवार सांधे दुखण्याचा, कावीळ होण्याचा त्रास असेल, तर आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते. लग्न जुळवण्याआधी करून घेतली तर अधिक चांगलं. लहान मुलांच्या पोटातले जंतही रक्त पितात. अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नका.

माळकरी आणि शुद्ध शाकाहारी घरांनी ब-१२ कडे लक्ष द्यावं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मांस यांतूनच मिळतं. दूध-दही बंद झालेल्या वयस्कर माणसाच्या तळपायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, तर ब-१२ तपासायला सांगा.

पालेभाजीचं वर्ष

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. ऐकायला हे फार वाटतं, पण ऋतूप्रमाणे बाजार केला तर जमतं.

पावसाळ्यात बांधावर तरोटा, घोळ, तांदुळजा फुकट उगवतात. खुडताना फवारणी झालेल्या शेतातलं घेऊ नका आणि जी भाजी ओळखता येत नाही ती चुलीवर चढवू नका. पावसाळ्याअखेर अंबाडी येते. तिच्या भाजीत डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालायची वऱ्हाडी रीत पौष्टिकही आहे. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, मेथी, मुळ्याचा पाला, तुरीचे आणि हरभऱ्याचे हिरवे सोले, गाजर, पेरू, बोरं, संत्री. वर्षभराच्या पोषणातली सगळ्यात स्वस्त खरेदी याच चार महिन्यांत होते. उन्हाळ्यात पालेभाजी महागते, तेव्हा मुंगण्याचा पाला, लाल भोपळा, आंबा, चिंच, लिंबू आणि ताक यांवर भर द्या. परसात एक मुंगण्याचं झाड, एक लिंबू, एक पेरू आणि कढीपत्ता लावला की बारमाही सोय होते. नहाणीचं सांडपाणी त्यांना पुरतं.

हिरव्या पालेभाजीत आणि लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा, पपई यांच्या केशरी रंगात अ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप असतं. डोळ्यांना अंधारात दिसायला आणि जंतूंशी लढायला ते लागतं. ते स्निग्धात विरघळतं, म्हणून भाजीला थोडं तेल हवंच. मुलाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. लसीकरणाच्या कार्डावर त्याची नोंद आहे का ते पाहा. क जीवनसत्त्वाची मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या वर असतं. म्हणजे आपल्या बाजारातला साधा पेरू दूरवरून आलेल्या मेण लावलेल्या सफरचंदाला कितीतरी भारी पडतो.

हाडं, तेल आणि मीठ

मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम मिळतं. शंभर ग्रॅम मुंगण्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, नाचणीत साडेतीनशेच्या वर आणि न सोललेल्या तिळात हजाराच्याही वर. तीळ काही वाटीभर खात नाहीत, पण रोज एक मोठा चमचा तिळाची चटणी शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम देऊन जाते. घरचं सगळं दूध डेअरीवर जात असेल तर निदान लेकरांपुरतं, गरोदर बाईपुरतं आणि म्हाताऱ्यांपुरतं आधी काढून ठेवा. कॅल्शियम हाडांत बसायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीवर ऊन पडल्यावर तयार होतं. शेतात राबणारे उन्हात असले तरी अंगभर झाकलेले असतात. दुकानात, कचेरीत, शिकवणीत दिवस घालवणाऱ्यांना तर ऊन मिळतच नाही. हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसायची सवय करा.

तेलाचं माप वरच्या त्याच आदर्श ताटात माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. आपल्या घरात किती जातं ते एकदा मोजा. तर्री आणि भजी यांच्या नादात हा आकडा सहज दुप्पट होतो. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका आणि वनस्पती तूप टाळा. त्याऐवजी शेंगदाणे, तीळ, कारळं, जवस यांच्या चटण्यांतून स्निग्ध घ्या, त्यासोबत प्रथिनं आणि खनिजंही येतात. आपल्या जिल्ह्यात अलीकडे चियाची लागवड वाढली आहे. चियाचं मोठेपण ज्या ओमेगा-३ स्निग्धांमुळे आहे, तीच जवसात भरपूर असतात. जवस भाजून कुटून खा. अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो.

मीठ आयोडीनयुक्तच घ्या, झाकण लावून कोरडं ठेवा आणि माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत राहा. आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला लागतं. गरोदरपणात ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ अडते. लोणचं, पापड, शेव आणि पाकिटातला खाऊ यांतलं मीठही हिशोबात धरा.

साखरेचं तर मोजमापच होत नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. कपात दोन चमचे साखर घालून पाच चहा झाले की चाळीस ग्रॅम तिथेच संपते. पोराला पाच-दहा रुपयांचं पाकीट देण्याऐवजी तेवढ्याच पैशांचे फुटाणे-शेंगदाणे द्या. खर्रा तर भूक मारतो, तोंड आखडवतो, पुढे तिखट सोसत नाही आणि घासही जात नाही. कर्करोगाची भीती आहे ती वेगळीच. खर्ऱ्याचे रोजचे पैसे मोजले तर त्यात घराची अंडी किंवा फळं निघतात.

कुणाच्या ताटात काय जास्त

बाळ: जन्मल्यापासून तासाभरात आईचं पहिलं चिकाचं दूध, सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नाही, मध नाही, वरचं पाणीही नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. वरणाचं नुसतं पाणी पाजून बाळ पोसलं जात नाही, डाळ घोटून द्या आणि त्यात चमचाभर तूप सोडा. अंगणवाडीचा आहार त्या बाळाचा आहे, सगळ्या घरात वाटून संपवू नका. जुलाब लागले तर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस द्या.

वयात येणारी मुलगी: शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी, रोज अंडं किंवा वाटीभर उसळ, आणि न्याहारी केल्याशिवाय शाळेत जाणं नाही.

गरोदर बाई: चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल या भीतीने कमी जेवायचं हा समज घातक आहे. बाळंतिणीलाही भाज्या, फळं आणि डाळी लागतात, तिला नुसत्या तूप-भातावर ठेवू नका.

शेतात राबणारे: आदर्श ताटात धान्याचं माप २५० ग्रॅम आहे, पण ते ताट दोन हजार कॅलरींचं आहे. जड काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे साडेतीन हजार आणि बाईला सत्तावीसशे कॅलरी लागतात. तेव्हा भाकर वाढवा, पण त्याच प्रमाणात डाळ आणि भाजीही वाढवा.

म्हातारी माणसं: दात नाहीत म्हणून दूध-पोळीवर ठेवलेल्यांचे स्नायू लवकर झिजतात. घट्ट वरण, मऊ झुणका, ताक, शिजवलेला पाला द्या. मधुमेह असेल तर ज्वारीची भाकरही मोजून खावी, तीही शेवटी पिठाचीच असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनं, मीठ आणि फळं यांचं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

चुलीवर जे वाया जातं

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की ब आणि क जीवनसत्त्वं पाण्यासोबत जातात. झाकण ठेवून शिजवा, शिजवलेलं पाणी फेकू नका. फ्लॉवर, मुळा आणि बीट यांचा पाला गुरांना टाकण्याआधी त्याची भाजी करून बघा. डाळ शिजवताना सोडा घालू नका, त्याने काही ब जीवनसत्त्वं नष्ट होतात. तांदूळ रगडून धुऊ नका.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यात तरंगतात. त्यांना प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकणारे पुष्कळ आहेत. ते दाणे तांदळाच्या पिठापासूनच केलेले असतात आणि त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेलं असतं. शंभर दाण्यांत एक असं त्यांचं प्रमाण. ते फेकले तर सरकारने दिलेलं पोषण उकिरड्यावर गेलं.

विकण्याआधी घरचं माप

आता सगळ्यात कामाचा हिशोब. माणशी ८५ ग्रॅम म्हणजे चार माणसांच्या घराला दिवसाला ३४० ग्रॅम डाळी-कडधान्य. वर्षाचे होतात सव्वाशे किलो, म्हणजे सव्वा क्विंटल. तूर, हरभरा, मूग, उडीद सगळं धरून. तुरीची डाळ करताना चुरी आणि टरफलात काही वजन जातं, तेही धरा. माणसं जास्त असतील तर त्याप्रमाणे वाढवा, घरात अंडी-मटण होत असेल तर थोडं कमी चालेल. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी डाळीचे भाव उतरतात त्या काळात, सुगीनंतर, कडक वाळलेला माल घेऊन ठेवावा. मजुरीचा काही भाग तूर-हरभऱ्याच्या रूपात मिळाला तर तोही घ्यावा.

ज्या घरातून दरवर्षी पंधरा-वीस क्विंटल माल बाजार समितीत जातो, त्या घराला सव्वा क्विंटल जड नाही. तेव्हा यंदा मळणी झाली की गाडी भरण्याआधी घरची तूर आणि घरचा हरभरा मोजून कोठीत टाका, एक पायली जवस आणि तीळ बाजूला ठेवा, आणि घरातल्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या. उरलेला माल खुशाल विका.